डॉक्टरांची सिगारेट: लंडन ते जुहू

१/ ऑक्टोबर १९५१. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच विचारले: आपण धूम्रपान करता का? सुमारे ४०,००० उत्तरे आली.

२/ डॉक्टरच का? व्यवसायाच्या नोंदणीमुळे त्यांचा माग वर्षानुवर्षे ठेवता येत होता. १९५४ मध्ये पहिला निष्कर्ष आला: सिगारेटी जितक्या अधिक, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू तितके अधिक.

३/ १९९० च्या दशकात मुंबईतही सुमारे दीड लाख नागरिकांचा असाच पाठपुरावा सुरू झाला. ‘विडी सिगारेटपेक्षा सौम्य’ हा समज त्यातून खोटा ठरला.

४/ २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे रुग्णालयांतही, धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले. घाटकोपरच्या राजावाडीलाही ते बंधनकारक होते. जुहूच्या कूपर रुग्णालयात २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पहिल्या तुकडीने बंदी असलेल्याच आवारात पाऊल ठेवले.

५/ पण फाटकाबाहेर टपरीही असू शकते. तिथे शिकाऊ डॉक्टरचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

६/ डॉल यांच्या पाहणीचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला: आयुष्यभराचे धूम्रपान सरासरी दहा वर्षे हिरावते, तिशीत सोडल्यास ती जवळजवळ सर्व वाचतात. निवासी डॉक्टरचे शिक्षण संपते, तेही साधारण याच वयात.