दोन राज्यांतील पक्षकार आणि दाव्याचे न्यायालय

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील बीदर जिल्हा विभागला गेला. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. सोयरीक आणि शेती मात्र त्या रेषेने विभागली गेली नाही. म्हणून भालकीच्या माणसाने उदगीरच्या भावकीवर दावा कोठे लावावा, हा प्रश्न सीमाभागात आजही उरतो.

अमेरिकेत भिन्न राज्यांच्या नागरिकांमधील ७५ हजार डॉलरहून अधिक रकमेचा वाद संघीय न्यायालयात नेता येतो. भारतात अशी स्वतंत्र व्यवस्था नाही. १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता पक्षकाराचे राज्य विचारीतच नाही. जमिनीचा दावा जमीन असेल तेथे (कलम १६); उसनवारीचा वा कराराचा, प्रतिवादी राहतो किंवा दाव्याचे कारण घडले तेथे (कलम २०). वडिलोपार्जित जमीन दोन्ही तालुक्यांत असेल, तर वाटणीचा दावा कलम १७ अन्वये कोणत्याही एका ठिकाणी चालू शकतो. ही तरतूद सीमाभागाला विशेष उपयोगाची.

अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयात दावा लावल्यास तो परत केला जातो. सद्भावनेने तेथे गेलेला काळ मुदतीतून वगळता येतो. हेलपाटे आणि खर्च वगळता येत नाहीत. प्रतिवादीनेही स्थानिक अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच संधीला घ्यावी, एरवी अपिलात ती सहसा ऐकली जात नाही.

योग्य न्यायालयात लागलेला दावा दुसऱ्या राज्यात हलवायचा असेल, तर मात्र दिल्ली गाठावी लागते. कलम २५ अन्वये हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. आपल्या अखत्यारीबाहेरील न्यायालयात उच्च न्यायालय दावा पाठवू शकत नाही, हे २००८ साली स्पष्ट झाले. भाषेची अडचण येथे खरी असते: बीदरला कन्नड, उदगीरला मराठी, आणि निजामकालीन दप्तर उर्दूत.

राज्यघटनेच्या कलम १३१ चा आधार व्यक्तीला मिळत नाही. ते केंद्र व राज्यांमधील किंवा राज्याराज्यांतील वादांसाठी आहे. महाराष्ट्राने २००४ साली कर्नाटकाविरुद्ध दाखल केलेला सीमादावा त्यातलाच.

बीदरला मिळालेला पैशाचा हुकूमनामा उदगीरच्या मालमत्तेवर बजावायचा असल्यास नवा दावा लागत नाही. कलम ३९ प्रमाणे तो तेथील न्यायालयाकडे अंमलबजावणीसाठी पाठवून घेता येतो.