बिल्ल्याची किंमत

सरकारनें धंद्यांत हात घालावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे. पण तो कशासाठीं घातला याचें स्मरण सरकारास किती दिवस राहतें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्क शहरांतील टॅक्सींचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

१९२९ नंतरच्या मंदींत तेथें अनेक बेकारांनीं टॅक्सीचा धंदा धरला. गाड्या वाढल्या, भाडीं उतरलीं, आणि दिवसभर राबूनहि चालकाचें पोट भरेना. तेव्हां १९३७ सालीं, ला गार्डिया हे नगराध्यक्ष असतां, हास कायदा होऊन परवान्यांची संख्या सुमारें साडेतेरा हजारांवर गोठविण्यांत आली. परवान्याची खूण म्हणजे गाडीच्या पुढील झांकणावरील धातूचा बिल्ला; त्याची फी अवघी दहा डॉलर. हेतु शुद्ध होता, यांत संशय नाहीं.

परंतु बिल्ला दुसऱ्यास विकण्याची मुभा राहिली. पुढें ही संख्या ११,७८७ वर आली व १९९६ पर्यंत तेथेंच राहिली. जें दुर्मिळ तें महाग, या न्यायानें सार्वजनिक परवानगीची खासगी मालमत्ता झाली. नंतर तर शहराच्या कारभाऱ्यांनींच नव्या बिल्ल्यांचे लिलाव मांडले, आणि ही खात्रीची गुंतवणूक आहे अशा जाहिराती दिल्या. २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याचा भाव दहा लक्ष डॉलरांवर गेला. कर्ज काढून तो घेणाऱ्यांत परदेशांतून आलेले चालक फार होते. आपल्या उपखंडांतलेहि पुष्कळ.

२०११ सालीं उबरच्या गाड्या शहरांत आल्या. त्यांच्या संख्येस २०१८ पर्यंत मर्यादा नव्हती. बिल्ल्याचा भाव कोसळला. कर्ज मात्र राहिलें. २०१८ सालीं कित्येक चालकांनीं आत्महत्या केल्या. २०२१ सालीं चालकांनीं उपोषण आरंभिल्यावर कर्जें १,७०,००० डॉलरांपर्यंत उतरवून त्यांस शहरानें हमी देण्याची तडजोड झाली.

कोणी दोष नियमनास देतात, कोणी नव्या कंपन्यांस. आमच्या मतें दोन्ही निदानें अपुरीं आहेत. संख्या बांधणें हा अपराध नव्हे; ती वेळोवेळीं न तपासणें, परवाना विकाऊ होऊं देणें आणि रक्षकानेंच विक्रेता होणें, हा अपराध होय. ज्या चालकासाठीं कायदा झाला, त्याच्याच गळ्यांतली तो अखेर धोंड झाला. नियम करणारा नियमाच्या नफ्यांत वांटेकरी झाला, म्हणजे नियमाचा हेतु प्रथम मरतो.