शेवटचा झटका कधी आला?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २५ ऑगस्ट १९५२ रोजी डॉ. जेकब चांडी यांनी एका १९ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. बालपणापासून त्याची एक बाजू लुळी होती आणि अपस्माराचे झटके थांबत नव्हते. चांडींनी त्याच्या मेंदूचा बिघडलेला अर्धगोल काढला. भारतातल्या अपस्मार-शस्त्रक्रियेचा इतिहास याच तारखेपासून मोजतात. चांडी मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आले होते आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरला देशातला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला होता. मुंबईत ही विद्या आणणारे डॉ. राम गिंडे हेही मॉन्ट्रियलचेच विद्यार्थी. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी हा विभाग उभा केला.

असा इतिहास लिहायला सोपा आहे. तारीख, शल्यचिकित्सक, गाव, पुढची तारीख. पण ज्याची कवटी उघडली जाते त्याचा इतिहास टाके काढल्यावर सुरू होतो. त्यानंतर दर भेटीत डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात : शेवटचा झटका कधी आला? गेली काही वर्षे मी वाचतो आहे ते या प्रश्नाच्या उत्तराविषयी. ते उत्तर मोजायचे कसे, आणि किती दिवस टिकले म्हणजे त्याला 'बरे झाले' म्हणायचे, यालाही एक इतिहास आहे.

आधी शब्दांचे बघू. फेफरे, मिरगी, आकडी, आणि आता सर्रास 'फिट'. मोल्सवर्थच्या कोशात 'फेंफरें' आहे. या सगळ्यांत 'अपस्मार' हा शब्द मला विलक्षण वाटतो. हातपाय आखडणे, तोंडाला फेस येणे हे डोळ्यांना दिसणारे सोडून त्याने स्मृतीवर बोट ठेवले. स्मृती निघून जाते तो अपस्मार. चरकसंहितेत त्याचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगितले आहेत. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दिसतो त्याचेही नाव अपस्मारच. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबणे हे सगळे नंतरचे, आणि त्यातले काहीही झटका थांबवत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून यश कांद्याला मिळते.

झटका मेंदूच्या एका ठरावीक जागेतून उठू शकतो, हे लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात रुग्णांकडे नुसते बघून ओळखले. अंगठ्यापासून सुरू होऊन हात, मग चेहरा असा चढत जाणारा झटका म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरून होणारा प्रवास. त्या निरीक्षणाच्या आधारे व्हिक्टर हॉर्स्ली यांनी २५ मे १८८६ रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयात एका तरुणाच्या मेंदूतला जुन्या जखमेचा व्रण काढला. तेव्हा एक्स-रेचाही शोध लागलेला नव्हता. हान्स बेर्गर यांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे आजचा ईईजी, प्रसिद्ध केला तो १९२९ मध्ये.

पेनफिल्डविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. त्यांची थोरली बहीण रूथ हिला वर्षानुवर्षे झटके येत. कारण मेंदूतली गाठ होती, हे उशिरा कळले. १९२८ च्या डिसेंबरात पेनफिल्डनी स्वतःच्या बहिणीचे डोके उघडले आणि उजव्या बाजूचा पुढचा बराचसा भाग गाठीसकट काढला. गाठ पूर्ण निघाली नाही. पण रूथ घरी गेली, मुलाबाळांत परतली. सुमारे सव्वा वर्षाने भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. पाहुणा एक आणि घरची चार माणसे, एवढ्यांचा साधा स्वयंपाक. वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. सामान सगळे समोर होते, एक-दोन गोष्टी चुलीवर होत्या, बाकीचे सुरूच झाले नव्हते. जन्मभर रांधलेल्या बाईला आधी काय आणि नंतर काय याची साखळी जुळत नव्हती. बोलण्यात, वागण्यात दुसरे काहीही वावगे नव्हते. पेनफिल्डनी हा प्रसंग १९३५ मध्ये शोधनिबंधात नोंदवला. गाठ पुन्हा वाढली आणि रूथ १९३१ मध्ये गेली. मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट १९३४ मध्ये उभी राहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाची परीक्षा दवाखान्यातल्या खाटेवर होत नाही, ती ओट्यापाशी होते, हे वैद्यकाच्या वाङ्मयात इतक्या साधेपणाने मी दुसरीकडे वाचलेले नाही.

दुसरी कहाणी अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या माणसाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा भाग विल्यम स्कोव्हिल यांनी काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो प्रत्येक भेटीत माणसांना नव्याने भेटत राहिला. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्या अभ्यासातून स्मृतीविषयीचे आपले ज्ञान बदलले. अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप, आणि त्यावरच्या उपचारानेच स्मृती नेली. आपल्या पूर्वजांनी दिलेले नाव इतक्या क्रूरपणे कुठे खरे ठरले नसेल. आज शस्त्रक्रियेआधी दिवसभर स्मरणाच्या आणि भाषेच्या चाचण्या घेतात आणि दोन्ही बाजूंना कधीच हात लावत नाहीत, त्यामागे मोलेसन आहे.

औषधांचाही इतिहास समांतर चालला होता. १८५७ पासून ब्रोमाइड, १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन, १९३८ मध्ये फेनिटॉइन. आपल्याकडच्या घरांत त्यांची ओळख गार्डिनल आणि एप्टॉइन या नावांनी आहे. मुंबईतल्या पारशी वसाहतींमधील १४,०१० लोकांच्या घरोघर पाहणीवर आधारलेला निबंध १९८८ मध्ये आला. त्यात आयुष्यात कधी तरी अपस्मार झालेल्यांचे प्रमाण हजारी ४.७ होते. त्यातल्या बहुतेकांना गोळ्या पुरतात. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० मध्ये दाखवले की पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबतात, दुसऱ्याने आणखी १३ टक्के, आणि त्यानंतर कितीही औषधे बदलली तरी पदरात फारसे पडत नाही. म्हणजे दोन औषधे नीट घेऊनही झटके येत असतील, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या आशेवर दहा वर्षे काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मात्र ती दहा वर्षे, आणि अनेकदा वीस, काढली जातात.

हे मी परक्याच्या अनुभवावरून सांगत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा नेरूळला राहतो. त्याला सातव्या वर्षापासून झटके येत. माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी लाल पेनाने फुल्या मारल्या, त्या एकवीस वर्षे. जुनी कॅलेंडरे तिने टाकली नाहीत. व्हिडिओ ईईजीसाठी त्याला दाखल केले तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत मन लावून पाहिले ते या कागदांकडे. किती झटके, रात्री की पहाटे, आधी पोटातून वर चढणारी लाट आली होती का, तापात की जागरणानंतर, सारे तिथे होते. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसवरचा व्रण दिसला आणि झटकेही तिथूनच उठत आहेत हे जुळले. शस्त्रक्रियेला आता तिसरे वर्ष चालू आहे. दोन्ही दिवाळ्यांत घरात एक नियम पाळला गेला. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटे नाही, आठ वाजता, पुरेशी झोप झाल्यावर. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी हे झटक्याचे जुने सोबती आहेत. आजीने पहिल्या वर्षी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी तिनेच उटणे उशिरा कालवले.

अशा शस्त्रक्रिया आपल्याकडे वेल्लोरनंतर तुरळकच होत राहिल्या. एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी आल्यावर चित्र पालटले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. कुरुपथ राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमाने काम सुरू केले. दिल्लीच्या एम्समध्येही त्याच सुमारास सुरुवात झाली. एम्सच्याच २०१७ च्या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया झाली, काही प्रतीक्षेत औषधांवर राहिली. वर्षअखेरीस पहिल्या गटातली ७७ टक्के मुले झटकामुक्त होती, दुसऱ्यातली ७ टक्के. नवी मुंबईच्या माणसाला आता त्यासाठी केरळ गाठावे लागत नाही. कुर्ल्याला गाडी बदलून परळला उतरले की के. ई. एम. आहे.

पण वर्षअखेर म्हणजे शेवट नव्हे. लॉस एंजेलिसच्या जेरोम एंगेल यांनी १९८७ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या परिणामांची जी प्रतवारी प्रसिद्ध केली ती आजही वापरतात. तिची पहिली प्रत, म्हणजे पास झालेल्यांची, वाचून मला आश्चर्य वाटले. तिच्यात पूर्ण झटकामुक्त माणूस बसतो. नुसती पोटातली लाट येते, पुढे काही होत नाही, असाही बसतो. सुरुवातीला झटके आले पण गेली दोन वर्षे नाहीत, असाही बसतो. आणि औषध बंद केल्यावरच झटका आला, असाही. म्हणजे ज्या आईने आज पहाटे मुलाच्या चेहऱ्यावर ती ओळखीची लाट पाहिली आणि जिचा दिवस काळवंडला, तिचा मुलगा कागदावर पहिल्या वर्गातच आहे. कागद चुकीचा नाही. त्याला आईची भीती मोजायची नव्हती, एवढेच.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या, म्हणजे हॉर्स्लींच्याच परंपरेतल्या, डॉक्टरांनी ६१५ प्रौढांचा पाठपुरावा करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांनी ५२ टक्के झटकामुक्त होते, दहा वर्षांनी ४७ टक्के. याच अभ्यासात दिलासा देणारीही गोष्ट आहे : झटक्याविना जितका काळ जातो तितकी झटका परतण्याची शक्यता कमी होत जाते. शेवटच्या पाहणीत झटकामुक्त असलेल्यांपैकी औषधे पूर्ण थांबवलेले होते २८ टक्के. शस्त्रक्रिया म्हणजे गोळ्यांपासून सुटका असे समजून आलेल्यांना हा आकडा आधी सांगायला हवा. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये ठरवले की दहा वर्षे झटका नाही आणि त्यातली शेवटची पाच वर्षे गोळीही नाही, तर आजार 'निवळला' म्हणावे. 'बरा झाला' हा शब्द त्यांनी टाळला. मला तो संयम आवडला.

कायद्याला असा संयम सुचला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला, आणि तोही वेडेपणाच्या जोडीला : ज्याला वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येतात त्याचे लग्न रद्दबातल ठरवता येईल. ईईजी येऊन जवळपास अर्धे शतक लोटल्यावर आपल्या संसदेने हे लिहिले. अपस्मार हा शब्द तिथून गेला तो १९९९ मध्ये. अपस्मार असलेल्यांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना त्यासाठी झगडत होत्या. त्या २३ वर्षांत किती मुलींनी गोळ्यांची डबी सासरी पदराआड घेतली असेल, किती गोळ्या त्या लपवाछपवीत चुकल्या असतील आणि चुकलेल्या गोळीने लपवलेलेच उघडे पाडले असेल, याची मोजदाद कुठल्याही प्रतवारीत होत नाही. कायदा बदलला तरी स्थळ बघणाऱ्यांची चौकशी बदलत नाही. स्वतः हा आजार अनुभवलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात 'संवेदना' हा स्वमदत गट सुरू केला. अशा ठिकाणी हे उघडपणे बोलता येते, ही माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली मोठी गोष्ट आहे.

झटके थांबल्यावरही एक ओझे उरते. मेलबर्नच्या पीटर ब्लेडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'निरोगीपणाचे ओझे' म्हटले. काल ज्याला कोणी एकट्याने दुकानात पाठवत नव्हते त्याच्याकडून आज नोकरी, लग्न, कर्ज सगळ्याची अपेक्षा सुरू होते. काही जण आयुष्याची बुडालेली वर्षे एका दमात भरून काढायला निघतात, काही गळून जातात. घरचेही गोंधळतात. माझी बहीण अजून न्हाणीघराची कडी लावू देत नाही. भाचा एकदा वैतागून म्हणाला, "मामा, डॉक्टरांनी डोक्यातला व्रण काढला, आईच्या डोक्यातला कोण काढणार?" बहीण तिथेच होती. ती हसली, पण कडीबाबत तिने मत बदलले नाही. तो तिच्यावर रागावला नाही. त्याला वाटते त्यापेक्षा तिने जास्त झटके पाहिले आहेत, कारण त्यातला एकही त्याने पाहिलेला नाही.

त्याला आता पनवेलच्या बाजूला नोकरी मिळाली आहे आणि मोटारसायकल घ्यायची आहे. परवान्यासाठी फॉर्म १ भरावा लागतो. आपल्याला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा त्यात प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही. एंगेलच्या चार छटा तिथे नाहीत, दोन वर्षे नाहीत, दहाही नाहीत. काही देशांत ठरावीक काळ झटका आला नसेल तर परवाना मिळतो. आपल्या फॉर्मवर तो काळ लिहायला रकाना नाही. भाच्याने फॉर्म आणून ठेवला आहे, भरलेला नाही. सध्या तो हार्बर लाइनने जातो-येतो, गर्दी नसली तरी दाराशी उभा राहत नाही. गोळी कमी करायची की नाही, हे पुढच्या भेटीत ठरेल.