सीडर बॉग तळ्याचा जमाखर्च

परिसंस्थेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक मनोरा काढतो. तळाशी गवत, त्यावर नाकतोडा, त्यावर बेडूक, मग साप आणि शेंड्यावर घार. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीतली दहा टक्केच ऊर्जा पोहोचते असे सांगून शेजारी १०००, १००, १०, १ असे आकडे मांडतो. अनेक मार्गदर्शकांत आणि प्रश्नसंचांत या नियमाला ‘लिंडमनचा दहा टक्के नियम’ म्हटलेले असते आणि पुढे १९४२ हे साल असते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत एक गुण मिळवतात.

पण १९४२ साली छापून आलेला लिंडमनचा निबंध उघडून पाहिला, तर त्यात असा नियम सापडत नाही. त्यातले आकडे दहाच्या वरचेही आहेत आणि खालचेही. मग लिंडमनने नेमके केले तरी काय? आणि त्याचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते? हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

नावे आधी आली, हिशेब नंतर

‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६६ साली घडवला. ‘ओइकोस’ या घर अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘इकॉनॉमिक्स’ हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे निसर्गाचा घरसंसार अभ्यासायचा हे नावातच होते. पण पुढची पन्नास-साठ वर्षे या घरात कोण कोण राहते याच्या याद्या करण्यातच मुख्यतः गेली. संसाराचा खर्च कसा चालतो हे कोणी फारसे विचारले नाही.

१८७५ साली ऑस्ट्रियाचा भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस याने आल्प्स पर्वताच्या उत्पत्तीवरील पुस्तकात ‘बायोस्फिअर’ म्हणजे जीवावरण हा शब्द जाता जाता वापरला. शिलावरण आणि जलावरण असते, तसे पृथ्वीवर सजीवांचेही एक आवरण असते, एवढाच त्याचा आशय. या शब्दात खरा जीव ओतला तो रशियन भूरसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर व्हर्नाड्स्की याने, १९२६ साली आलेल्या ‘जीवावरण’ याच नावाच्या पुस्तकात. सूर्यप्रकाशाच्या बळावर सजीव मूलद्रव्यांची सतत उलथापालथ करतात, हवेतला ऑक्सिजनही त्यांचीच करणी आहे, तेव्हा सजीव ही भूपृष्ठाला आकार देणारी एक मोठी भूवैज्ञानिक शक्ती आहे, असे त्याने मांडले.

इकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स एल्टन खाणारे आणि खाल्ले जाणारे यांच्या साखळ्या लावत होता. उत्तर ध्रुवाजवळच्या बेअर बेटावर आणि स्पिट्सबर्गनवर जाऊन आल्यावर, १९२७ सालच्या पुस्तकात त्याने अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा या कल्पना मांडल्या. तळाशी पुष्कळ लहान जीव, वर थोडे मोठे जीव. असे का, याचे ऊर्जेच्या भाषेतले उत्तर मात्र अजून कोणी मोजून दिले नव्हते.

१९३५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली याने ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था हा शब्द छापील स्वरूपात प्रथम वापरला. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा ही मिळून एकच व्यवस्था असते, त्यांना वेगळे काढून अभ्यास पुरा होत नाही, असे त्याचे म्हणणे. कल्पना सुंदर होती. पण ती एखाद्या खऱ्या जागी लावून कशी दाखवायची?

एका म्हाताऱ्या तळ्याकाठी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचे एक लहानसे तळे आहे. क्षेत्रफळ जेमतेम दीड हेक्टर आणि खोली सुमारे एक मीटर. काठची झाडेझुडपे आत सरकत आहेत, तळाशी कुजक्या वनस्पतींचा जाड थर साचला आहे. थोडक्यात, भरत आलेले, म्हातारे झालेले तळे. मिनेसोटा विद्यापीठातला विद्यार्थी रेमंड लिंडमन याने डॉक्टरेटसाठी हे तळे निवडले. १९१५ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. प्रकृती नाजूक. पत्नी एलेनॉर कामात साथीला.

सुमारे पाच वर्षे त्याने या तळ्यातले जीव गोळा केले, ओळखले, मोजले आणि वजन केले. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक, पाणवनस्पती, त्यांना खाणारे प्राणिप्लवक, गाळातल्या अळ्या, पोहणारे भक्षक कीटक. हिवाळ्यात तळे गोठते तेव्हा बर्फाखाली ऑक्सिजन संपत जातो, अशा वेळी कोण तग धरते तेही त्याने प्रयोग करून पाहिले.

इथपर्यंत हा प्रबंध इतर अनेक प्रबंधांसारखाच होता. वेगळेपण आले ते पुढे. लिंडमनने तळ्यातल्या जीवांची मांडणी त्यांच्या कुळांप्रमाणे केली नाही, तर ते ऊर्जा कोठून मिळवतात त्याप्रमाणे केली. सूर्यप्रकाश पकडणारे ते उत्पादक, त्यांना खाणारे पहिले भक्षक, त्या भक्षकांना खाणारे दुसरे. यांना त्याने पोषणपातळ्या म्हटले. त्याने काढलेल्या आकृतीच्या मध्यभागी मोठा मासा नाही की बेडूकही नाही. तिथे आहे गाळ. सगळ्या पातळ्यांवरचे मेलेले अवशेष गाळात येतात, जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा उत्पादकांकडे जातात. अर्धवट कुजलेले पान, त्यावर वाढणारे शेवाळ आणि जिवाणू यांतले सजीव कोणते व निर्जीव कोणते, ही रेघ ओढणे किती कठीण आहे ते या गाळानेच दाखवले. टान्सलीच्या परिसंस्थेला लिंडमनने असे प्रत्यक्ष तळे मिळवून दिले.

दुकानातला माल आणि वर्षाची उलाढाल

आता हिशेबाकडे वळू. समजा एका किराणा दुकानात आज दहा हजार रुपयांचा माल आहे. यावरून त्या दुकानाची वर्षाची विक्री सांगता येईल का? नाही. माल आठवड्याला संपून नवा येत असेल तर उत्तर एक, सहा महिने पडून राहत असेल तर दुसरे. तळ्याचेही तसेच. वनस्पतिप्लवकाचे आजचे वजन अगदी थोडे असते, पण त्याच्या पिढ्या काही दिवसांत उलटतात. म्हणून लिंडमनने आजच्या साठ्याला ‘वर्षात किती वेळा उलाढाल होते’ या अंदाजाने गुणले, वजनांचे कॅलरीत रूपांतर केले, आणि श्वसनात खर्च झालेली, वरच्या पातळीने खाल्लेली व कुजण्यात गेलेली ऊर्जा त्यात मिळवली.

निघालेले आकडे असे. वर्षभरात दर चौरस सेंटिमीटरवर सूर्याची सुमारे १,१९,००० कॅलरी ऊर्जा पडते. त्यातली उत्पादकांनी पकडली सुमारे १११ कॅलरी, म्हणजे शेकडा ०.१. शाकाहारी जीवांकडे पोहोचल्या सुमारे १५, म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास. मांसाहारींकडे सुमारे ३, म्हणजे एक-पंचमांशाहून किंचित जास्त.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा या मोठ्या सरोवराचेही हिशेब लिंडमनने मांडले. तिथे वरच्या तीन पायऱ्यांना आकडे निघाले ८.७, ५.५ आणि १३ टक्के. एकही दहा नाही! लिंडमनचा स्वतःचा कयास तर असा होता, की वरच्या पातळीवरचे प्राणी मिळालेली ऊर्जा अधिक कार्यक्षमतेने वापरत असावेत आणि टक्का वर वर वाढत जात असावा. पुढच्या अभ्यासांत हा कयास सर्वत्र टिकला नाही.

‘हे छापण्याजोगे नाही’

१९४१ साली लिंडमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे पुढच्या संशोधनासाठी गेला. हचिन्सन हे सरोवरांचे मोठे अभ्यासक. १९३२ साली येलच्या मोहिमेबरोबर येऊन त्यांनी लडाखमधल्या उंचावरच्या सरोवरांचाही अभ्यास केला होता. व्हर्नाड्स्कीचा मुलगा येललाच इतिहासाचा प्राध्यापक होता, आणि व्हर्नाड्स्कीचे विचार अमेरिकेत पोहोचवण्यात हचिन्सन यांचा मोठा वाटा होता. जीवावरणाची कल्पना आणि मिनेसोटातले छोटे तळे अशी येलमध्ये एकत्र आली.

लिंडमनने आपला निबंध ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षक होते चॅन्सी जुडे आणि पॉल वेल्च, दोघेही सरोवरविज्ञानातले ज्येष्ठ. दोघांनीही निबंध नाकारावा असे सुचवले. आक्षेप असा, की सिद्धान्त फार आणि माहिती थोडी. प्रत्येक सरोवराचा स्वभाव वेगळा असतो, एकदोन तळ्यांवरून सर्वांना लागू पडणारे काही कसे सांगता येईल?

हा आक्षेप पोकळ नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. जुडे यांनी आयुष्यभर सरोवरे मोजली होती. मेंडोटाचा ऊर्जेचा ताळेबंद त्यांनीच १९४० साली प्रसिद्ध केला होता आणि लिंडमनने त्यांचीच माहिती वापरली होती. शिवाय उलाढालीचे आकडे लिंडमनने अंदाजाने धरले होते हेही खरे. पण हचिन्सन यांनी संपादकांना लिहिले, की विचारांची दिशा दाखवणारा निबंध हाही विज्ञानाचा भाग आहे, माहिती कोणती गोळा करायची हे अशा निबंधातूनच कळते. संपादक टॉमस पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून, सुधारलेला निबंध १९४२ च्या मार्चमध्ये स्वीकारला. याचा निवाडा काळच करील, असे त्यांचे मत पडले.

लिंडमनला तो निवाडा पाहायला मिळाला नाही. २९ जून १९४२ रोजी यकृताच्या विकाराने तो वारला. वय २६. निबंध ऑक्टोबरच्या अंकात आला, शेवटी हचिन्सन यांनी जोडलेल्या एका छोट्या टिपणासह.

मग दहा टक्के आले कोठून?

लिंडमननंतर अनेकांनी असे हिशेब केले. १९६० च्या सुमारास लॉरेन्स स्लोबोडकिन याने डॅफ्निया या इवल्या पाणपिसवेवर प्रयोगशाळेत प्रयोग केले आणि पायरीपायरीने जाणाऱ्या ऊर्जेचा टक्का साधारण दहाच्या आसपास असावा असे सुचवले. दहा हा आकडा लक्षात राहायला सोपा आणि भागायलाही सोपा. तो पुस्तकांत शिरला आणि हळूहळू लिंडमनच्या नावाला चिकटला. १९९५ साली डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी पाण्यातल्या ४८ परिसंस्थांच्या प्रतिकृतींवरून सरासरी काढली, तर ती आली १०.१ टक्के. म्हणजे आकडा अगदीच चुकीचा नाही! पण सुट्या नोंदी होत्या सुमारे २ पासून २४ टक्क्यांपर्यंत पसरलेल्या.

सरासरी आणि नियम यांत हाच फरक. एखाद्या वर्गाची सरासरी उंची १५० सेंटिमीटर असली, म्हणजे प्रत्येक मूल १५० सेंटिमीटरचे असते असे नाही. निसर्गाने दहाचा आकडा ठरवून दिलेला नाही. पक्की आहे ती दिशा. प्रत्येक पायरीवर श्वसनात उष्णता होऊन गेलेली ऊर्जा परत येत नाही, म्हणून वर वर ऊर्जा कमीच होत जाते. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस मात्र गाळातून पुन्हा फिरत राहतात. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, द्रव्ये चक्रात फिरतात: लिंडमनच्या आकृतीतून शिकायचे ते हे.

तळ्यापासून पृथ्वीपर्यंत

हीच रीत पुढे साऱ्या जीवावरणाला लावली गेली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या वनस्पती मिळून वर्षाला सुमारे १०५ अब्ज टन कार्बन आपल्या वाढीत बांधतात. त्यातला निम्म्याहून थोडा कमी वाटा समुद्रातला, म्हणजे बहुतांशी सूक्ष्म प्लवकांचा. यातले माणूस किती घेतो? १९८६ साली पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी व्यापक व्याख्या धरून जमिनीवरच्या उत्पादनापैकी जवळजवळ चाळीस टक्के असे उत्तर दिले. २००७ साली हेल्मुट हाबर्ल आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या व्याख्येने सुमारे चोवीस टक्के काढले. दोघांनीही हिशेब काळजीपूर्वक केला होता. ‘घेतले’ कशाला म्हणायचे यावर आकडा बदलला. आणि यातला लहान आकडा धरला तरी, लक्षावधी जातींच्या या घरात एकट्या माणसाचा वाटा जवळजवळ चौथाई ठरतो.

तेव्हा मनोरा फळ्यावर जरूर काढावा, दहा टक्केही सांगावेत, पण सरासरी म्हणून. मग मुलांना तेच गणित पाच आणि वीस टक्क्यांनी करायला लावावे. १००० कॅलरींपासून निघून तीन पायऱ्या चढल्यावर दहा टक्क्यांनी १ उरते, पाच टक्क्यांनी ०.१२५ आणि वीस टक्क्यांनी ८. पहिल्या पायरीवरचा लहानसा फरक शेंड्यावर चौसष्टपट होतो. कोणत्या तळ्यात शेंड्यावरच्या भक्षकाला जागा आहे आणि कोणत्या नाही, हे त्यावर ठरते. नंतर शाळेजवळच्या डबक्याकडे, विहिरीकडे किंवा शेताच्या बांधाकडे बोट दाखवून विचारावे: इथला टक्का किती असेल, आणि तो काढायला आपल्याला काय काय मोजावे लागेल? यातल्या दुसऱ्या प्रश्नाची यादी मुलांनी स्वतः केली, तर लिंडमनचा धडा त्यांना समजला असे म्हणता येईल.