तळटीप : बावीस मार्ग

हिब्रू लिपीत अक्षरे २२, आणि प्रत्येक अक्षर अंकही असते : आलेफ १, योद १०, ताव ४००. शब्दातल्या अक्षरांची बेरीज करून अर्थ शोधण्याच्या रीतीला गेमात्रिया म्हणतात. ‘एहाद’ (एक) आणि ‘अहावा’ (प्रेम) या दोहोंची बेरीज १३. एकत्र केल्यास २६, आणि ईश्वराच्या चतुरक्षरी नामाचीही २६च. कब्बाला या यहुदी गूढपरंपरेच्या उपासकाला हा योगायोग वाटत नाही. धर्मग्रंथातले एकही अक्षर अकारण नाही, या श्रद्धेतूनच तो मोजतो. ‘सेफेर यत्सिरा’ या ग्रंथात १० सेफिरोत (सृष्टीची मूलतत्त्वे) आणि २२ अक्षरे मिळून ज्ञानाचे ३२ मार्ग सांगितले आहेत.

लेखकाने टॅरोच्या पत्त्यांतली २२ पानेही याच परंपरेत बसवली आहेत. ते स्वीकारता येत नाही. टॅरो हा १५व्या शतकातल्या इटलीतला पत्त्यांचा खेळ. हिब्रू अक्षरांशी त्याची पद्धतशीर सांगड १९व्या शतकात फ्रान्सच्या एलिफास लेवीने घातली. त्याने ‘मूर्ख’ हे पान एकविसाव्या अक्षराला, शिनला, जोडले. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्या-मंडळाने तेच आलेफला दिले, आणि बहुतेक पाने एकेक अक्षर पुढे सरकली.