हिरवळीखालचे ठिबक आणि दारे धरणारा माणूस

आपल्याकडे पिकाला पाणी द्यायचे म्हणजे कोणीतरी दारे धरायची. खोऱ्याने एक सरी फोडायची, दुसरी बुजवायची, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेले की नाही ते चिखलात उभे राहून पाहायचे. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत तर या कामासाठी गावाने नेमलेला पाटकरी असे. पाणी आणि ते पाहणारा माणूस यांची अशी जोडी असे. जमिनीखाली ठिबकच्या नळ्या पुरून हिरवळीला पाणी देण्याच्या तंत्राने ही जोडी मोडली. पाणी गवताखाली चार-सहा इंचांवर मुळांशी झिरपते, वरून काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. या तंत्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि प्लास्टिकचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो वेगळ्या बाजूने वाचावा असे वाटते. जमिनीखालचे पाणी जिथे टिकले तिथे दारे धरणारा कोणत्या ना कोणत्या रूपात हजर होता, आणि जिथे त्याला रजा दिली तिथे चांगली नळीही निकामी झाली, असे पुरावा सांगतो.

सुरुवात मडक्यापासून करावी लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमध्ये फान शंग-ची यांनी शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात खरबुजाला पाणी देण्याची रीत आहे. खड्ड्यात मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, त्याच्याभोवती चार बिया लावायच्या, तोंडावर कौल झाकायचे आणि मडक्यातले पाणी उतरले की ते पुन्हा भरायचे. न भाजलेल्या कडेतून नव्हे, भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी ओलसर जमिनीकडे ओढले जाते. माती कोरडी झाली की वेगाने, ओली असली की हळू. भारतातल्या कोरडवाहू भागांत नव्या झाडांसाठी मडका सिंचन आजही करतात. या रीतीचे कौतुक तिच्या स्वयंचलितपणासाठी होते, आणि ते योग्यही आहे. पण त्या जुन्या नोंदीतल्या शेवटच्या सूचनेकडे लक्ष द्यावे: पाणी उतरले की भरा. म्हणजे कोणीतरी कौल उचलून आत डोकवायचे आहे. मडक्याचे तोंड जमिनीच्या वर उघडे ठेवले, त्यातच निम्मे तंत्र आहे. पाणी पुरले, पण ते पाहायची खिडकी पुरली नाही.

पुढच्या काळातल्या प्रयोगांनी ही खिडकी बंद केली. १८६० च्या सुमारास जर्मनीत मातीच्या नळांचे जाळे जमिनीखाली घालून त्यातूनच निचरा आणि त्यातूनच सिंचन साधण्याचे प्रयत्न झाले. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कृषी महाविद्यालयात ई. बी. हाउस यांनी भूजलाची पातळी न वाढवता थेट मुळांना पाणी देता येते का ते तपासले आणि ही पद्धत व्यवहारात परवडणार नाही असा निष्कर्ष काढला. इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हाउस यांच्या वाटेत देखभाल आडवी आली नाही, किंमत आली. मातीचे नळ महाग, जोडणीची मजुरी महाग. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिलीनची स्वस्त, लवचिक नळी आली आणि मगच प्रश्न सुटला. तेव्हा हा इतिहास प्लास्टिकचाच नाही का? किमतीपुरते हे मान्य करायला हवे. प्लास्टिकवाचून ठिबक शेतात आलेच नसते. पण तीच नळी, तेच प्लास्टिक जमिनीवरही अंथरता येत होते आणि जमिनीखालीही पुरता येत होते. मग दोन्ही पद्धती एकाच वेळी का पसरल्या नाहीत?

याचे उत्तर इस्रायलच्या वाळवंटात मिळते. सिम्खा ब्लास या जलअभियंत्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. गळक्या नळाजवळचे एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा जोमदार दिसले आणि त्यातून त्यांना कल्पना सुचली. त्यांचे खरे कौशल्य वेगळ्या ठिकाणी आहे. थेंब पाडायचा तर बारीक भोक लागते, आणि बारीक भोक बुजते. ब्लास यांनी भोक बारीक करण्याऐवजी पाण्याची वाट लांबवली. लांब, वळणावळणाच्या मार्गातून जाताना घर्षणाने दाब उतरतो, त्यामुळे मार्ग रुंद ठेवूनही पाणी थेंबाथेंबानेच येते. १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरीम किबुत्झबरोबर त्यांनी नेटाफिम ही कंपनी सुरू केली. इस्रायलमधल्या सुरुवातीच्या चाचण्यांत काही नळ्या जमिनीखाली होत्या. मुळे आणि माती तोट्यांत शिरू लागली तशा त्या वर आणल्या गेल्या आणि ठिबकचा जगभर प्रसार झाला तो जमिनीवरच्या नळीतून. आपल्याकडेही तेच झाले. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक हाती घेतले. त्या काळात केळीच्या आणि द्राक्षाच्या बागांत पसरली ती वर दिसणारी काळी नळी. ड्रिपर चोक झाला की त्या झाडाखालची माती कोरडी दिसते, शेतकरी वाकून तोटी काढतो, झटकतो, बदलतो. त्या नळीबरोबर पाहणाराही शेतात राहिला. जमिनीखालच्या ठिबककडे संशोधकांचे पुन्हा गांभीर्याने लक्ष गेले ते १९८० च्या दशकात, वरच्या ठिबकने गाळणीचे आणि नळी धुण्याचे धडे शिकवल्यानंतर.

पुरलेल्या नळीत नेमके काय बिघडते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळा वाद तिथेच आहे. व्हॉल्व्ह बंद होतो. नळीतले उरलेले पाणी उताराच्या टोकाकडे धावते आणि तिकडच्या तोट्यांतून बाहेर पडते. वरच्या टोकाला त्यामुळे पोकळी तयार होते. जमिनीवरची नळी अशा वेळी हवा आत घेते. पुरलेली नळी आजूबाजूचे गढूळ पाणी आत ओढते. दर पाळीला मातीचा चिमूटभर अंश. दोन वर्षांत वरच्या भागातल्या तोट्या बुजतात आणि गवत चढावर पिवळे पडू लागते. यावर उपाय साधा आहे. त्या भागाच्या सर्वांत उंच ठिकाणी हवेचा व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे पोकळी मातीने नव्हे तर हवेने भरेल. सर्वांत दूरच्या टोकाला धुण्याचा व्हॉल्व्ह, तोंडाशी सुमारे १२० मेशची गाळणी आणि दाब नियंत्रक. नळ्या ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर समांतर, एकाच खोलीवर. या यादीत अवघड काही नाही. पण हवेच्या व्हॉल्व्हची पेटी गवताने झाकली गेली, गाळणी कोणी उघडली नाही, धुण्याचा व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे ते नव्या मालकाला ठाऊक नसले, की यादी असूनही नसल्यासारखी होते.

मुळांचा शिरकाव हा त्याहून चिवट प्रश्न. पाणी जिथे आहे तिथे मूळ जाणारच, आणि गवताची मुळे तर केसासारखी बारीक. यावर अमेरिकेत निघालेली युक्ती खरोखर चतुर होती. तोटीच्या प्लास्टिकमध्येच ट्रायफ्लुरालिन हे तणनाशक मिसळायचे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला धरून राहते, आणि तोटीच्या तोंडाशी आलेल्या मूळटोकाची वाढ थांबवते. बाकीचे झाड शाबूत राहते. युरोपीय संघाने २००७ मध्ये या तणनाशकाला मान्यता नाकारली. काही उत्पादकांनी तोटीत तांब्याची पट्टी बसवण्याचा मार्ग घेतला. यावरून दुसरा आक्षेप घेतला जातो: औषध नळीतच असेल तर राखणीची गरज संपली. हे पटण्यासारखे नाही. औषध मुळाला अडवते, गाळाला नाही, चुनखडीला नाही, शेवाळाला नाही. शिवाय मुळांचा शिरकाव सर्वाधिक होतो तो पाणी कमी पडल्यावर, तहानलेले मूळ तोटीत घुसते तेव्हा. म्हणजे पाळी ठरवणाऱ्याची चूक औषधाच्या माथी मारून भागत नाही.

आता हिरवळ. १८७१ मध्ये बफेलो शहरातल्या जे. लेसलर यांनी हिरवळीच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले, आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा इथे ऑर्टन एंगलहार्ट यांनी टकटक आवाज करत फिरणारा फवारा बनवला. शंभर वर्षे हिरवळ म्हणजे फवारा हेच समीकरण होते. फवाऱ्याचा एक मोठा गुण विसरला जातो. तो बिघडला की लगेच दिसतो, रस्त्यावर पाणी वाहते, शेजारी सांगायला येतो. गवताला खालून पाणी देण्याचे प्रयत्न पर्ड्यू विद्यापीठात विल्यम डॅनियल यांनी केले. वाळूच्या थराखाली प्लास्टिक अंथरून वातीसारखे पाणी वर चढवायचे, ही त्यांची रचना. तिच्यातून पुढे निघालेली पद्धत १९७५ मध्ये विद्यापीठाच्या रॉस-एड मैदानाखाली बसली. पण मैदानाला पगारी माळी असतो, पंपांवर आणि पातळीवर नजर ठेवणारा. घरापुढच्या पट्ट्याला तो नसतो.

घरापुढच्या पट्ट्यापर्यंत पुरलेले ठिबक आले ते दुष्काळाने आणि कायद्याने. १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला. त्यातच ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढून टाकण्याचे उद्दिष्ट होते, आणि नव्या घरांबाहेर पिण्याचे पाणी ठिबक किंवा सूक्ष्म फवाऱ्याशिवाय द्यायला मनाई होती. त्याच वर्षी राज्याच्या आदर्श बागनियमावलीत सुधारणा झाली. १० फुटांपेक्षा अरुंद जागेला जमिनीखालून, किंवा पाणी वाहून जाणार नाही आणि बाहेर उडणार नाही अशाच दुसऱ्या पद्धतीने पाणी द्यावे, असे तिने ठरवले. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण अरुंद पट्ट्यात फवाऱ्याचे पाणी फुटपाथवरच जास्त पडते. पण याच नियमावलीने हिशेबासाठी धरलेले आकडे पाहावेत: वरच्या फवाऱ्याची कार्यक्षमता ०.७५, ठिबकची ०.८१. विक्रेत्यांच्या तोंडी असलेल्या मोठ्या बचतीपुढे सहा शतांशांचा हा फरक किती लहान! बाकीची बचत होते ती पाळी नीट ठरवण्यातून, वारा-ऊन टाळण्यातून आणि गळती वेळेत सापडण्यातून. ती नळीबरोबर खोक्यात येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत थेट आहे. पुरलेली नळी अखेर मरणारच असेल, तर ती पुरायचीच कशाला? याचे उत्तर कॅन्सस स्टेट विद्यापीठाने देऊन ठेवले आहे. कोल्बी इथल्या संशोधन केंद्रात १९८९ मध्ये मक्याखाली पुरलेल्या ठिबक नळ्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. तिथली नळी जादूची नव्हती. तिथे गाळणी साफ होत होती, नळ्या टोके उघडून धुतल्या जात होत्या, आणि मुख्य म्हणजे दर हंगामात प्रवाह आणि दाब मोजून आधीच्या आकड्याशी ताडला जात होता. प्रवाह कमी झाला तर तोट्या बुजत आहेत, वाढला तर कुठेतरी नळी फुटली आहे. चिखलात उभे राहून जे पायाला कळायचे ते इथे मापकाचा काटा सांगतो. दारे धरणारा इथे वहीत बसला आहे.

मला म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या त्या नियमावलीतले एक कलम खटकते. गळती ओळखणारा प्रवाहसंवेदक तिने सर्व बिगर-निवासी बागांना सक्तीचा केला, निवासी बागांना मात्र ५,००० चौरस फुटांपासून पुढेच. पुरलेली नळी ज्या लहान पट्ट्यांत घालायला ती सांगते, तिथल्या बहुतेक घरांना तो डोळा सक्तीचा नाही. हिरवळीखाली ठिबक घालणाऱ्यांनी, मग ते फ्रेझ्नोचे असोत की पुण्याचे, ही उणीव स्वतः भरून काढावी. नळ्या गवताने झाकण्यापूर्वी त्यांचा नकाशा काढून फोटो घ्या, पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मीटरवर किती लिटर पाणी गेले ते व्हॉल्व्हपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा, आणि दर महिन्याला झाकण उघडून तो आकडा पुन्हा ताडून पाहा.