नागपूरच्या भिंतीपासून गावच्या ओट्यापर्यंत

बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपुड्याच्या पठारावर उकवा हे गाव लागते. मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे त्याचे नाव दूरवर गेले. खाण चालविणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. या पट्ट्यात गोंडी, हिंदी, पवारी आणि मराठी अशा बोली शेजारी शेजारी नांदतात. पोट दुखत असेल तर ते कोणत्याही डॉक्टरला बोट ठेवून दाखविता येते. मनाचे दुखणे मात्र आपल्या बोलीत, आपल्या माणसापाशीच उलगडते. मनोरुग्णांच्या सेवेचा आपल्याकडील दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही साधी गोष्ट ध्यानात यायला किती काळ लागला ते कळते.

१८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६४ साली नागपूरला वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. बालाघाट जिल्हा झाला १८६७ साली, म्हणजे इस्पितळानंतर तीन वर्षांनी. त्या काळच्या अशा इस्पितळांचा हेतू उपचारापेक्षा बंदोबस्ताचा अधिक होता. १९१२ च्या कायद्यानेही रोग्याला दाखल करण्याची किल्ली मॅजिस्ट्रेटच्या हाती दिली. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. रस्ता तोच राहिला, सरकारे मात्र दोन झाली.

गावाकडे या दुखण्याचा पहिला वैद्य गुनिया किंवा भगत असे. त्याच्या उताऱ्याने रोग बरा होत नसे आणि त्यात औषधाचे मोलाचे दिवस वाया जात. पण तो घरी येई, घरच्या भाषेत बोले आणि घरच्यांचे ऐकून घेई. सरकारी व्यवस्थेने नेमके हेच सोडून दिले होते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने सुरू झाले. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळील सकलवाडा आणि हरियाणातील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोरुग्णांना उपचार देऊन पाहण्यात आले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. बेल्लारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे १९९६ साली जिल्हा पातळीवरील योजना आली. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हा कागदावरची योजना आणि माणूस यांतील अंतर देशाला दिसले. माणसांना असे बांधून ठेवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली.

हे अंतर तोडण्याचे काम गावच्याच माणसांनी करून दाखविले. नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग ४१ गावांत झाला. गावातीलच स्त्रीपुरुषांनी शेजाऱ्याचे दुःख ऐकायचे, त्याला अडचणींतून वाट काढायला मदत करायची, मोबाईलवरच्या छोट्या चित्रपटांतून दारू, कलह, बेकारी यांवर गावात बोलणे सुरू करायचे आणि आजार गंभीर दिसला तर दवाखान्याची वाट दाखवायची, असे त्याचे स्वरूप होते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेला ‘विश्राम’ हा उपक्रम आपल्याला अधिक जवळचा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरलेला असताना तो हाती घेतला गेला. गावचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत, समुपदेशक त्यांच्या पाठीशी असत आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध असे. आरंभी उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात याच दशकात आरोग्य केंद्रे सुधारण्यावर भर देणारा प्रयोग झाला. तेथे केंद्रात सोयी आल्या, परंतु वस्तीतील उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण विशेष वाढले नाही. दवाखाना उघडा असला तरी तेथवर पोहोचविणारा माणूस गावात लागतो, असा या दोन उदाहरणांचा अर्थ घ्यावा लागतो.

अर्थात, नुसत्या मायेवर हे काम चालत नाही. स्वयंसेवकाला प्रशिक्षण हवे, त्याची विचारपूस करणारे वरिष्ठ हवेत, ऐकलेले पोटात ठेवण्याची शिस्त हवी. तीव्र आजारात औषध आणि डॉक्टर यांना पर्याय नाही. आणि आशा कार्यकर्तीवर आधीच कामांचा डोंगर असताना आणखी एक ओझे फुकट लादणे हा न्याय नव्हे.

आपल्या सीमाभागाला या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एका बाजूला अमरावतीचा अनुभव, दुसऱ्या बाजूला सीहोरचा, आणि मध्ये आपण. ऑक्टोबर २०२२ पासून टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी आला आहे. परंतु दारू वाढलेला खाणमजूर किंवा बाळंतपणानंतर गप्प झालेली सून स्वतः होऊन फोन उचलील असे नाही. तिच्या ओट्यावर बसून तिच्याच बोलीत ‘काय होतंय गं?’ असे विचारणारी शेजारीण हवी आणि विचारल्यानंतर पुढे काय करायचे, हे तिला शिकविलेले हवे. बोली चार असलेल्या गावात अशा शेजारणी चारही बोलींतून उभ्या राहिल्या पाहिजेत.